पशुवैद्याची टपालपेटी : आधी पिंजरा बघा, मग उंदीर

मागच्या अंकात म्हशीच्या गोचिडांवर लिहिताना मी ओघात सांगून गेलो की माझी सव्वीस वर्षांची नोकरी गोठ्यात नाही, तर नागपुरातल्या एका महाविद्यालयाच्या ॲनिमल हाऊसमध्ये झाली. प्रयोगांसाठी ठेवलेले उंदीर, ससे आणि गिनिपिग यांची तब्येत बघणं हे माझं काम. एवढ्या एका वाक्यावर या महिन्यात टपालाचा ढीग आला, आणि गोचिडांबद्दल विचारायचं सगळे विसरले. म्हणून या वेळी म्हशींनी जरा थांबावं.

मी एम. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. संत्र्याच्या सालीच्या अर्काने सूज उतरते का, हे विस्टार जातीच्या उंदरांवर बघते आहे. सहा-सहाचे गट आहेत. एकाच गटातले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. उंदीर दिसायला ठणठणीत आहेत, खातात-पितात. सर म्हणतात, उंदरांची संख्या वाढव. उंदीर आतून आजारी असतील तर मला ओळखता येईल का?
— एक विद्यार्थिनी, अमरावती रोड

नातीच्या वयाची आहेस म्हणून ‘तू’ म्हणतो. संख्या वाढवू नकोस. आहेत ते आधी नीट बघ.

‘दिसायला ठणठणीत’ हे शब्द मी नोकरीत इतक्यांदा ऐकले की आता ऐकले की कान टवकारतात. उंदीर म्हणजे साप-घुबडांचं खाणं. त्यांच्या राज्यात जो लंगडताना दिसला तो संपला. म्हणून दुखणं लपवण्यात त्याचा हात कोणी धरत नाही. तू कडी काढतेस, चप्पल वाजते, दिवा लागतो. तोवर खोलीतले सगळे उंदीर सावध झालेले असतात. तुला दिसतो तो त्यांचा पाहुण्यांसमोरचा चेहरा.

आमच्याकडे एक मामा होते. कागदावर ‘परिचर’, शिक्षण सातवी, राहायला इतवारीत. ते खोलीत शिरल्यावर पिंजऱ्याला हात लावत नसत. दोन मिनिटं दाराशी हात मागे बांधून उभे राहायचे. आधी वास घ्यायचे. अमोनियाचा वास नाकाला झोंबला, तर तळाशी असलेल्या उंदराच्या नाकाचं काय होत असेल, हा त्यांचा पहिला हिशेब. मग नजर पाण्याच्या बाटलीवर. तीनशे ग्रॅमचा उंदीर दिवसाला साधारण तीस मिलिलिटर पाणी पितो; पिंजऱ्यात तिघे असतील तर बाटलीतलं नव्वद-शंभर मिलिलिटर कमी व्हायलाच हवं. मामा रोज बाटलीवर मार्करने रेघ मारत. रेघ आणि पाणी जवळजवळ असतील तर एक तर नळी तुंबली, नाही तर कुणाची तरी तब्येत बिघडली. मग तूस. आमच्याकडे भंडाऱ्याकडचं धानाचं तूस अंथरायला यायचं. तूस एका कोपऱ्यात ओलं असेल तर ठीक, कारण उंदीर जागा ठरवून मुततो. सगळीकडे ओलं असेल तर हगवण किंवा गळकी बाटली. लेंड्या कोरड्या आणि आखूड झाल्या का, खाण्याच्या गोळ्या कुरतडल्यात की नुसत्याच खाली पाडल्यात, हे सगळं उंदराला हात न लावता कळतं.

उंदराची पाळी त्यानंतर. केस विस्कटून उभे राहिलेत का? पाठीला कुबड आलंय का? डोळ्यांभोवती, नाकाशी लालसर कड आहे का? ती कड बघून नवी पोरं ‘रक्त, रक्त’ करत धावत येतात. ते रक्त नसतं. डोळ्यामागच्या ग्रंथीतून पॉर्फिरिन नावाचं लाल द्रव्य येतं. बरा उंदीर ते तोंड पुसताना साफ करून टाकतो. आजारी किंवा त्रासलेल्या उंदराला तेवढीही उमेद नसते, म्हणून ते साचून दिसतं. नंतर पाठीच्या कण्यावरून बोट फिरवायचं. मणके टोचले तर तो सुकलाय, लागतच नसतील तर सुटलाय. याला १ ते ५ असे गुण देतात. तीन आले की छान. चेहराही वाचता येतो. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली छोट्या उंदरांच्या वेदनेच्या चेहऱ्याची मोजपट्टीच बनवली आणि पुढच्या वर्षी मोठ्या उंदरांचीही आली. डोळे बारीक, नाक-गाल सपाट, कान वळलेले, मिशा ताठ. (मराठीत दोघेही उंदीरच. आमच्या खोलीत मोठा तो रॅट, छोटा तो माऊस, आणि मामांच्या भाषेत ‘थोरला’ नि ‘धाकला’.)

सगळ्यात शेवटी मामा उंदराला खांद्याखाली धरून उचलायचे आणि कानाशी लावायचे, जुन्या काळी लोक ट्रान्झिस्टर लावायचे तसा. निरोगी उंदराचा श्वास ऐकू येत नाही. छाती भरली असेल तर बारीक कुर्र-कुर्र येते, कोरडं पान चुरगाळल्यासारखी.

आता माझी चूक सांगतो. तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिच्यातच आहे. एका जूनमध्ये आमच्याकडे बाहेरून चाळीस उंदीर आले. नव्या जनावरांना निदान आठवडाभर वेगळ्या खोलीत ठेवायचं, हा आमच्यातला अगदी पहिला धडा. पण एका मुलीची प्रबंधाची तारीख तोंडावर आली होती, वेगळी खोली रंगवायला काढली होती, आणि आलेले उंदीर, तुझ्याच शब्दांत, दिसायला ठणठणीत होते. मी त्यांना थेट मोठ्या खोलीत जाऊ दिलं. सही माझीच.

तीन आठवड्यांनी मामा म्हणाले, “साहेब, तिसऱ्या रॅकवरचे घुरघुरून राहिले जी.” मी स्टेथोस्कोप लावला. उंदराचं हृदय मिनिटाला तीनशे-चारशे वेळा ठोकतं. त्या धडधडीत मला काय ऐकू येणार? म्हटलं, “तुसाची धूळ असेल, मामा.” त्यांनी वाद घातला नाही. खिशातली छोटी वही काढून तारीख आणि रॅकचा आकडा तेवढा लिहिला. महिन्याभराने दोन उंदीर मान वाकडी करून गोल गोल फिरायला लागले. मामा म्हणाले, “आता त कानातही गेलं न त्यायच्या.” शवविच्छेदन केलं. फुप्फुसांवर करडे, उंचवट्यांचे ठिपके. नमुने तपासायला पाठवले, आणि उत्तर आलं : मायकोप्लाझ्मा पल्मोनिस. हा जंतू आईकडून पिलांत जातो, महिनोन्‌महिने गप्प बसतो आणि पिंजऱ्यात अमोनिया वाढला की डोकं वर काढतो. औषधाने लक्षणं दबतात, जंतू कळपातून जात नाही. अख्खी खोली रिकामी करावी लागली. एकशे बारा उंदीर. ती मुलगी माझ्या टेबलासमोर बसून रडली नाही. तिने नुसतं विचारलं, “सर, मग माझे आधीचे आकडे?”

आधीचे आकडे कचऱ्यात. तिचाही प्रयोग सुजेवरच होता, तुझ्यासारखाच. पंजात कॅराजिनन टोचायचं आणि तासातासाने सूज मोजायची. ज्याच्या फुप्फुसात आधीच सूज धुमसते आहे, त्याचं शरीर पंजाच्या सुजेला कसं उत्तर देणार, हे कोणी सांगू शकत नाही. कोणाचा पंजा कमी सुजतो, कोणाचा जास्त. आणि असे आणखी सहा उंदीर घेतलेस तर गोंधळात सहाची भर पडेल, एवढंच. एक गोष्ट मात्र जपून तपास : मोजताना खोलीत रोज तीच व्यक्ती असते का? मॅकगिलच्याच गटाने २०१४ साली दाखवलं की नुसत्या पुरुषाच्या वासानेही उंदीर ताणाखाली येतात आणि त्यांची वेदना कमी दिसते. एक दिवस तू आणि एक दिवस तुझा वर्गमित्र मोजत असाल, तर आकडे पळणारच. वरच्या रॅकवर दिव्याचा उजेड जास्त, खालच्यावर कमी, हेही बघ.

आता करायचं काय? रोज एकाच वेळी वजन. मोठ्या उंदराच्या वजनाचा तक्ता हा त्याच्या तोंडापेक्षा खरं बोलतो. डोक्यावर, पाठीवर, शेपटीवर पिक्रिक आम्लाचे पिवळे ठिपके असतीलच, म्हणजे कोण कोणता यात गोंधळ नाही. संध्याकाळी अंधार पडल्यावर एकदा जाऊन ये. उंदीर रात्रीचा प्राणी, दुपारी तू बघतेस ती त्याची मध्यरात्र. टॉर्चला शाळेतल्यासारखा लाल जिलेटिनचा कागद बांध. लाल उजेड त्याला फारसा दिसत नाही. सगळे हुंदडत असताना जो कोपऱ्यात बसलाय, तो तुझा रोगी.

आणि तुमच्या ॲनिमल हाऊसच्या डॉक्टरांना विचार, शेवटची तपासणी कधी केली आणि किती उंदरांची. युरोपातल्या तज्ज्ञ संस्थांच्या शिफारशीत दर तीन महिन्यांनी तपासणी आहे. ‘किती’ हा प्रश्न साध्या गणिताचा आहे. समज, खोलीतल्या ३० टक्के उंदरांना लागण आहे. एक उचललास तर तो निरोगी निघण्याची शक्यता ०.७. नऊ उचललेस तर नऊच्या नऊ निरोगी निघण्याची शक्यता ०.७ चा नववा घात, म्हणजे ४ टक्के. चाचणी चोख आहे असं धरलं, तर नऊ उंदरांत लागण सापडण्याची खात्री ९६ टक्के. पण लागण दहा टक्क्यांनाच असेल तर ९५ टक्के खात्रीसाठी २९ लागतात. म्हणून “आम्ही दोन तपासले, दोन्ही बरे निघाले” असं कोणी सांगितलं, तर ते काहीच न तपासल्यासारखं आहे.

प्रयोगातल्या उंदरांना हात लावायचा नसेल तर पहारेकरी उंदीर ठेवतात. खोलीत एक जादा पिंजरा असतो, आणि इतर सगळ्या पिंजऱ्यांतलं मूठ-मूठ मळकं तूस आठवड्याला त्यात टाकतात. खोलीत जे काही फिरत असेल ते त्यांना आधी लागतं, आणि तपासायचं त्यांना. मामा या पिंजऱ्याला ‘मारबत’ म्हणत; मारबत म्हणजे रोगराई जावी म्हणून मिरवत गावाबाहेर नेऊन जाळतात तो पुतळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत “रोगराई घेऊन जा गे मारबत” ओरडत मोठा झालेला माणूस, त्याला दुसरं काय सुचणार? मी त्यांना म्हणायचो, मामा, तुमची मारबत रोग घेऊन जाते, ही नुसती बातमी आणते. तीही सगळी नाही. सेंडाई विषाणू आणि अंगावरच्या बारीक पिसवांसारख्या किडी तुसातून नीट पोचत नाहीत. म्हणून आता पिंजऱ्यावरच्या हवेच्या गाळणीवरची धूळ पुसून तिची पीसीआर तपासणी करतात.

त्या जूननंतर आमच्या नोंदवहीत एक रकाना वाढला. छापील नव्हता, पट्टीने रेघा मारून केलेला. त्याच्यावर मथळा : ‘मामा म्हणतात’. तुमच्याकडेही कोणी मामा किंवा मावशी असतील. सरांकडे जाण्याआधी त्यांना चहा पाज आणि विचार.

मे महिन्यात आमच्या कूलरची मोटर जळाली की आम्ही रात्र गच्चीवर काढतो. शाळेत पोरांना पंखा नाही. आणि तुमच्या उंदरांना चोवीस तास एसी! हा जनतेचा पैसा आहे.
— एक करदाता, महाल

मीही महालातल्याच टिनाच्या खोलीत वाढलो, तेव्हा तुमचा संताप मला कळतो. शाळेत पंखा असलाच पाहिजे, यावर आपलं भांडण नाही.

पण उंदराला घाम येत नाही. त्याच्याकडे उष्णता टाकायला दोनच वाटा : उघडी शेपटी आणि स्वतःची थुंकी. फार तापला की तो अंग चाटून ओलं करतो. बाहेर पंचेचाळीस असताना त्याला गच्चीवर नेऊन चालत नाही. आपल्या देशातल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अशा खोल्यांत १८ ते २९ अंश तापमान आणि ३० ते ७० टक्के आर्द्रता लागते, शिवाय तासाला बारा ते पंधरा वेळा खोलीतली हवा बदलायला हवी. कूलर यात बसत नाही. टाकीतल्या साचल्या पाण्यातले जंतू आणि ताटीवरची बुरशी तो खोलीभर फेकतो. दुपारी खोली गार, संध्याकाळी दमट, पहाटे आणखी काही. गर्दीच्या गरम पिंजऱ्यात ॲम्फेटामिन या उत्तेजक औषधाचा तोच डोस माऊसला कितीतरी जास्त मारक ठरतो, हे फार पूर्वीच दिसून आलंय. म्हणजे एसी नसेल तर औषध विषारी की मे महिना विषारी, हेच कळणार नाही. पैसा तिथे बुडतो.

एसीचाही आपला त्रास आहेच. आपल्याकडची मे महिन्यातली हवा आधीच पापडासारखी, त्यात एसी. पहिल्या वर्षी आमच्या पिलांच्या शेपट्यांवर एकामागोमाग एक वळ्या आल्या, जणू कोणी दोरा घट्ट बांधलाय. काहींची टोकं काळी पडून गळली. हवा कोरडी झाली की हे होतं. तेव्हापासून हवेत ओल सोडणारं यंत्र आणि भिंतीवर आर्द्रतामापक.

आणि एसी बंद पडलेली रात्रही मी पाहिली आहे. मे महिना, पहाटेचे तीन, जनरेटरमध्ये डिझेल नाही. मामांनी कुठून तरी सायकलच्या कॅरियरवर बर्फाची लादी आणली. आम्ही दोघांनी ती घमेल्यांत फोडून बॅटरीवरच्या पंख्यापुढे ठेवली आणि सशांच्या कानांवर ओली फडकी धरून बसलो. ससा आपली उष्णता कानांतून टाकतो. उंदरांची हनुवटी आणि पोट थुंकीने भिजून आंघोळ केल्यासारखं झालं होतं. सकाळी दोन ससे गेलेले होते. त्या रात्री आमच्या अंगावरही एसी नव्हता, हे तुम्हाला सांगावंसं वाटलं.

माझी मुलगी पीएच.डी.साठी उंदरांवर काम करते. घरी आली की शिंका, डोळ्यांतून पाणी, अंगावर चट्टे. रविवारी बरी असते. उंदरांचा रोग तर लागला नाही ना?
— एक आई, धरमपेठ

ताई, तुमच्या पत्रातलं ‘रविवारी बरी असते’ हे वाक्य सगळ्यात कामाचं. बहुतेक ही ॲलर्जी आहे. उंदराच्या मुतात, त्यातही नराच्या, एक प्रथिन असतं. ते तुसाच्या धुळीबरोबर उडतं आणि श्वासात जातं. या कामातल्या माणसांत ही तक्रार नवी नाही. आमच्या पाच जणांत एकाला होती.

पण याकडे ‘शिंकाच तर आहेत’ म्हणून बघू नका. पुढे दमा होऊ शकतो. छातीच्या किंवा ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे न्या, आणि काय काम करते ते त्यांना स्पष्ट सांगा. पोरं ते सांगायचंच विसरतात. तिने साधा कापडी रुमाल नव्हे, एन-९५ मास्क लावावा. पिंजरे हवा ओढणाऱ्या कपाटात बदलावेत. एप्रन तिथेच ठेवावा, घरच्या धुण्यात टाकू नये. ताप आला, अंग मोडून आलं किंवा उंदीर चावला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे. लेप्टोस्पायरोसिससारखे आजार उंदराच्या मुतातून माणसाला होतात.

आधी जपायचं, वजन करायचं, एसीत ठेवायचं आणि शेवटी मारायचं. तुम्हाला रात्री झोप कशी लागते हो, डॉक्टर?
— एक वाचक, सदर

काही रात्री लागत नव्हती. एकशे बारा उंदरांच्या त्या आठवड्यात तर नाहीच.

तुमचा राग चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. कायद्यातही त्याला जागा आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं सतरावं कलम सांगतं की प्रयोग टाळता येत असेल तर टाळावा, नुसता हात बसवायला प्रयोग करू नये, लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा घेऊ नये, आणि भूल दिल्याशिवाय चिरफाड नाही. प्रत्येक संस्थेत एक नैतिकता समिती असते. तिच्यापुढे ‘फॉर्म बी’ भरून किती प्राणी, कशासाठी, वेदना कशी कमी करणार हे लिहून द्यावं लागतं. आणि त्या समितीत विज्ञानाबाहेरचा एक सभासद नियमानेच लागतो, तुमच्यासारखा. आमच्याकडे निवृत्त मास्तर होते, इतिहास शिकवलेले. रसायनाची नावं त्यांना वाचता यायची नाहीत, पण प्रत्येक फॉर्मवर एकच प्रश्न : “बारा कशाला? आठमध्ये का नाही भागत?” चिडायचे सगळे. पण निम्म्या वेळा आठमध्ये भागायचं.

रसेल आणि बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी १९५९ साली तेच लिहून ठेवलं होतं : प्राण्याऐवजी दुसरं काही वापरा, नाही तर कमी प्राणी वापरा, नाही तर निदान त्यांचा त्रास कमी करा. २०२३ साली आपल्या औषध-चाचणी नियमांतही पेशींवरच्या आणि संगणकावरच्या पद्धतींना मान्यता मिळाली. माझ्या काळात ती असती तर बरीच खोकी रिकामी राहिली असती.

माझं काम काय होतं, ते एका प्रसंगाने सांगतो. एका संशोधकाच्या फॉर्मवर लिहिलं होतं की उंदराचं वजन २० टक्क्यांनी घटलं की प्रयोग थांबवून त्याला भुलीतच शांत करायचं. एका सकाळी एक उंदीर तेवीस टक्क्यांवर गेलेला. त्यांनी हात जोडून “आणखी दोनच दिवस” मागितले. आकडे पूर्ण होत होते. मी इंजेक्शन भरलं. त्यानंतर सहा महिने ते माझ्यासोबत चहाला आले नाहीत. उंदराचं नाव नव्हतं, शेपटीवर पिवळा ठिपका होता.

शॅम्पू आणि लिपस्टिक सशांच्या डोळ्यात घालून बघतात म्हणे. खरं का?
— एक वाचक, गांधीबाग

पूर्वी बघत. १९४४ सालापासूनची ड्रेझ नावाची चाचणी होती. भारतात सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचणी करायला २०१४ पासून बंदी आहे, आणि बाहेर तशी चाचणी केलेला माल आणायलाही.

माझ्याकडे लाडू नावाचं गिनिपिग आहे. त्याला सोबत म्हणून ससा आणू का? आणि त्याला सर्दी झाली तर बाबांच्या घशाच्या गोळ्या अर्ध्या करून चालतील का?
— इयत्ता सहावी, मनीषनगर

दोन्हीला नाही! आणि पत्र आधी लिहिलंस, हे फार चांगलं केलंस.

सशाच्या नाकात बोर्डेटेला नावाचा जंतू असू शकतो. सशाला त्याने सहसा काही होत नाही, पण लाडूला न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून ॲनिमल हाऊसमध्येही दोघांच्या खोल्या वेगळ्या असतात. सोबत हवी तर दुसरं गिनिपिग आण, आणि त्यालाही आधी दोन आठवडे दुसऱ्या खोलीत ठेव. (हे वाक्य लिहिताना मला कोण आठवलं, ते वरच्या मोठ्या उत्तरात आहे.)

बाबांच्या गोळ्या बहुतेक पेनिसिलिनच्या कुळातल्या असतील. आपल्याला त्या बरं करतात; गिनिपिगच्या पोटातले चांगले जंतू मारून त्याचा जीव घेऊ शकतात. २५ मे १९४० ला ऑक्सफर्डमध्ये पेनिसिलिन पहिल्यांदा जीवघेणे जंतू टोचलेल्या आठ माऊसवर तपासलं. ज्या चौघांना ते दिलं नव्हतं ते सकाळपर्यंत मेले. त्या दिवशी माऊसऐवजी गिनिपिग घेतले असते तर पेनिसिलिन विष म्हणून फेकून दिलं गेलं असतं, असं जुने लोक म्हणतात.

उंदीर स्वतःचं क जीवनसत्त्व तयार करतो. लाडूला आणि तुला ते येत नाही. ते खाण्यातून मिळालं नाही तर होणारा स्कर्व्ही हा आजार नॉर्वेतल्या दोघांनी १९०७ साली गिनिपिगमध्येच दाखवला. रोज पेरूची एक फोड नाही तर ढोबळी मिरचीचा तुकडा दे. दुकानातल्या गोळ्यांच्या पिशवीवरची तारीख बघ; तीन महिन्यांत त्यातलं क जीवनसत्त्व बरंच कमी होऊ शकतं. उन्हाळ्यात कूलरचा झोत अंगावर नको, खाली फुटक्या माठाचं खापर ठेव; तो आपणहून त्याच्यावर जाऊन पसरेल.

आणि एक वही कर. दर रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करायचं आणि तारखेपुढे लिहायचं. दोन रविवार सलग घटलं तर तो कितीही उड्या मारत असला तरी डॉक्टरांकडे ने. काट्यावर नीट बसत नसेल तर भांड्यात आधी थोडी कोथिंबीर ठेव. कोथिंबिरीचं वजन वजा करायला विसरू नकोस.